आधी बघू की आधी वाचू?

गेल्या अंकात या सदरात मी अतुल दोडिया यांच्या काळ्या फळ्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही जाता जाता. त्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी एरवी सहा महिन्यांत येत नाहीत. चित्रात अक्षरं कशाला, यावर काही रागावलेली, काही गोंधळलेली, आणि एकीने तर चित्रच काढून पाठवलंय. तेव्हा जलरंगाच्या कागदाला धरलेली बुरशी आणि फ्रेमची वाळवी हे विषय पुढच्या महिन्यात. बुरशी कुठे पळून जात नाही.

तो अंक ज्यांच्या हाती आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोडिया मुंबईचे चित्रकार. जन्म १९५९ चा, घाटकोपरच्या चाळीत वाढले, १९८२ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडले. २०११ मध्ये फोर्टातल्या केमोल्ड प्रेस्कॉट रोड या गॅलरीत त्यांचं एक प्रदर्शन झालं. मोठमोठे कॅनव्हास, पण दिसायला थेट शाळेतले फळे. त्यांवर खडूने लिहावा तसा मजकूर, आणि मजकुराच्या सोबतीला चित्रं. मजकूर लाभशंकर ठाकर या गुजराती कवीच्या लेखनातला. बाको नावाचा एक पोरगा झोपेत गांधीबापूंना भेटतो आणि दोघं गप्पा मारतात, असा.

आणि माझ्याबद्दलही एकदा सांगून टाकतो, कारण दोघातिघांनी पत्राला 'समीक्षक महोदय' असा मायना घातलाय. मी समीक्षक नव्हे. सोळाव्या वर्षी लालबागला मामाच्या हाताखाली दुकानांचे बोर्ड रंगवायला लागलो. पुढे उपयोजित कलेचा डिप्लोमा केला आणि एका जाहिरात कंपनीत, कॉम्प्युटर येऊन माझी खुर्ची उचलेपर्यंत, अक्षरं काढली. म्हणजे मी अक्षरवाला. उत्तरं त्याच बाजूने येतील.

प्रश्न : मी चाळीस वर्षं मराठी शिकवलं. चित्राने न बोलता सांगावं, असं आम्ही ऐकत आलो. चित्रावर लिहावं लागलं म्हणजे चित्र कमी पडलं, असं नाही का? आमच्या शाळेत मुलं गाय काढायची आणि खाली 'गाय' लिहायची. मला हा तोच प्रकार वाटतो.
*– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण*

बाई, तुमची गाय मला फार आवडली. मूल 'गाय' का लिहितं? कारण त्याला धास्ती असते, समोरचा तिला कुत्रं म्हणेल. आता याच्या बरोब्बर उलटं करून बघा. १९२९ मध्ये रने मॅग्रित या बेल्जियन चित्रकाराने एक झकास, गुळगुळीत, हात लावावासा वाटेल असा पाईप रंगवला आणि त्याखाली फ्रेंचमध्ये लिहिलं, 'हा पाईप नाही'. खरंच आहे, तो ओढून दाखवा! मी मात्र त्या चित्रात नेहमी त्या ओळीचं वळण बघतो. शाळेतल्या कित्त्यासारखं गोल, सालस, एकमेकांचा हात धरून चाललेलं. म्हणजे ही ओळ एखाद्या शिस्तीच्या मास्तरांनी लिहिलीय आणि तीच आपल्या डोळ्यांना खोटं पाडतेय. हीच ओळ त्याने वेड्यावाकड्या, खोडकर अक्षरात लिहिली असती तर गंमत पाचव्या सेकंदाला संपली असती. वळण सालस आहे म्हणून ती जवळजवळ शंभर वर्षं टिकलीय.

दुसरं असं, की चित्राने मुकं असावं हे काही आपलं जुनं मत नव्हे. जैन कल्पसूत्राच्या पोथ्या बघा, एकाच पानावर मजकूर आणि चित्र शेजारी नांदतात. राजस्थानी रागमालांमध्ये, म्हणजे रागांच्या चित्रमालिकांमध्ये, बऱ्याचदा चित्राच्या डोक्यावर पिवळी पट्टी असते आणि तिच्यात दोहा असतो. आणि तुमच्या कोकणातच, कुडाळजवळच्या पिंगुळीला, ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. त्यांच्या चित्रावर अक्षर नसेल, पण चित्र धरून सांगणारा माणूस समोर बसलेला असतो. त्याला गप्प करा, म्हणजे चित्र अर्धं होतं. मुकं, एकटं, भिंतीवर टांगलेलं चित्र ही त्या मानाने अलीकडची सवय.

तरी तुमच्या शंकेत दम आहे. चित्रावर लिहिलेली प्रत्येक ओळ काही चित्रातली नसते. त्यासाठी मी अंगठा वापरतो. छापील चित्र असेल तर अक्षरांवर अंगठा धरायचा (गॅलरीत असाल तर हात पाठीमागे आणि एक डोळा बंद). अक्षरं झाकल्यावर चित्राचं काहीच बिघडलं नाही, तर ती ओळ तळटीप होती, उगाच वर चढून बसली. आणि झाकल्यावर चित्र पांगळं झालं, तर ती अक्षरं चित्राचेच हातपाय. तुमच्या वर्गातली 'गाय' झाका, गाय चरत राहते. मॅग्रितची ओळ झाका, उरतो एका तंबाखूवाल्याचा बोर्ड. तो मी सत्तरच्या दशकात चाळीस रुपयांत रंगवून दिला असता.

दोडियांच्या फळ्यावरचं लिखाण झाका. उरतो पुसलेला फळा. फळा पुसणं काय असतं ते तुम्हाला मी काय सांगू! कोरड्या डस्टरने पुसला की पांढुरकी वाफ राहते, ओल्या फडक्याने पुसला की तो आधी काळाभोर होतो आणि वाळता वाळता कालचा धडा हळूच वर येतो. त्या कॅनव्हासवर असा पुसटपणा आहे, खडूची धूळ आहे, आणि तो खडू मुळात खडू नाहीच, रंग आहे. खडूचं लिहिलेलं तास संपला की जातं. हे मात्र जाणार नाही. फळ्यासारखा दिसणारा आणि कधीच न पुसला जाणारा फळा. तिथे उभं राहून मला आठवलं, की गांधीजी सोमवारी मौन पाळायचे आणि त्या दिवशी काय सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे. ज्याच्या घरी आठवड्यातून एक दिवस लिहिणं हेच बोलणं होतं, त्या माणसाशी एका पोराच्या गप्पा चित्रात आणायच्या तर त्या लिहूनच येणार.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून दोडियांची आणखी चित्रं शोधली. काहींवर गुजराती कविता आहेत. मला गुजराती येत नाही. मग मी नक्की काय बघायचं? की ही चित्रं गुजराती लोकांसाठीच आहेत?
*– बँक कर्मचारी, नाशिक*

तुम्ही म्हणता ती बहुधा २००३-०४ च्या सुमाराची 'अँटलर अँथॉलॉजी' ही मालिका. मोठाले जलरंग, आणि त्यांत गुजराती कवींच्या कविता हाताने लिहिलेल्या. तुमची तक्रार मला पहिल्यांदा पटली, आणि मग एका संध्याकाळी पटेनाशी झाली. ती संध्याकाळ सांगतो.

या मालिकेतलं एक चित्र छापील कॅटलॉगमध्ये माझ्याकडे आहे. आमच्या शेजारच्या बेन चहाला आल्या होत्या, त्यांच्यापुढे ते पान धरलं आणि म्हटलं, जरा वाचून दाखवा. त्यांनी चष्मा लावला, दोन ओळी सरळ आवाजात वाचल्या, तिसऱ्या ओळीला आवाज बदलला आणि थांबल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे वाचायचं नाही, हे म्हणायचं आहे." मग त्यांनी ती पूर्ण कविता म्हटली, आणि ती म्हणताना त्यांनी चित्राकडे एकदाही पाहिलं नाही! मी तोवर फक्त चित्र पाहिलं होतं, एक अक्षर कळत नव्हतं. नंतर मी त्यांना विचारलं, मागचा रंग कोणता होता? त्यांना सांगता येईना.

तर तुम्हाला गुजराती येत नाही ही अडचण आहे तशी सवलतही आहे. येणाऱ्याला बघणं जमत नाही, डोळा आपसूक वाचायलाच धावतो. तुम्ही आधी अक्षरांची चाल बघा. गुजरातीला शिरोरेषा नाही. आपल्या देवनागरीची ओळ म्हणजे ताणलेली दोरी आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे. मोडीत तर अख्ख्या ओळीची रेघ आधी ओढत आणि मग अक्षरं टांगत. बोर्ड रंगवताना आम्हीही दोरीला खडू फासून, दोन टोकांना धरून झाडायचो आणि वरची रेघ आधी उमटवायचो. ही रेघ दुकानाच्या पाटीवर छान दिसते. चित्रावर ती घात करते. जलरंगाचा ओघळ वरून खाली येतोय आणि मध्येच आडवी सळई, अशी चित्र कापत जाते. गुजराती अक्षरं सुटी असतात, रंग त्यांच्यामधून वाहतो. त्या जलरंगांत लिखाण आणि ओघळ एकमेकांना अडवत नाहीत, त्याचं निम्मं श्रेय मी लिपीला देतो. (मराठी चित्रकारांनी यावर काय करावं? शिरोरेषा तोडावी, नाहीतर तिलाच क्षितिज करावं. तिसरा मार्ग मला अजून सापडलेला नाही.)

मग दुसऱ्यांदा बघा. आता चित्र तुम्हाला चिडवायला लागेल, कारण ग, प, म, न, त हे आपलेच, फक्त टोपी काढलेले. र म्हणजे आपला दोनचा आकडा. पण क, ज, भ भलतेच. म्हणजे तुम्ही अधूनमधून एक शब्द पकडता आणि पुढचा निसटतो. मुंबईच्या लोकलमध्ये शेजारच्या दोघांचं गुजराती बोलणं आपल्याला जसं कळतं, तसं. घाटकोपरच्या माणसाच्या चित्रापुढे ही अवस्था अगदी योग्य आहे असं माझं मत.

आणि लिपी येत असली म्हणजे सगळं उघडतं, असंही समजू नका. दिल्लीच्या अर्पिता सिंग यांची चित्रं बघा, जन्म १९३७ चा आणि रंग अजून ताजे. त्यांच्या चित्रात इंग्रजी शब्द, आकडे, नकाशातली नावं खच्चून भरलेली असतात. प्रत्येक अक्षर वाचता येतं आणि तरी वाक्य हाती लागत नाही. शहरातून बसने जाताना पाट्या वाचत जावं आणि घरी पोहोचल्यावर एकही आठवू नये, तसं.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाच्या फोटोवर सुविचार येतो. मजकूर अधिक चित्र. मग ती पण समकालीन कला का?
*– पुणे*

प्रश्नातला खवचटपणा पोचला. अंगठा धरा. सुविचार झाकला, गुलाबाला ढिम्म फरक पडत नाही. गुलाब झाकला, सुविचाराला नाही. एसटीत एका सीटवर बसलेले दोन अनोळखी प्रवासी, स्वारगेट आलं की उतरतील.

प्रश्न : आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. शटरवर कंपन्या फुकटात जाहिरात रंगवून देतात. दोडियांनीही शटर रंगवलीत असं वाचलं. आमच्या शटरची किंमत लाखात का नाही?
*– एक दुकानदार, इचलकरंजी*

शेठ, किमतीचं सोडा, त्या बाबतीत मी तुमच्याइतकाच बाहेरचा. पण शटरवर बोलायला मला कुणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून थोडं लांबवतो.

शटरवर अक्षर काढणं हे बोर्डापेक्षा वेगळं काम. पत्र्याच्या पट्ट्या फुगीर, दोन पट्ट्यांमध्ये खाच. शिरोरेषा खाचेत गेली की रस्त्यावरून अक्षरं बोडकी दिसतात, म्हणून ती नेहमी पट्टीच्या फुगवट्यावर बसवायची. उकार खालच्या पट्टीवर उतरतो, तिथे त्याला थोडं ताणावं लागतं, नाहीतर 'सु' चा 'स' होतो. तुमचं शटर रंगवायला जो पोरगा येतो त्याला हे सगळं ठाऊक असतं, आणि त्याला दिवसाला काय मिळतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ती अस्सल कारागिरी आहे. फक्त ती अंगठ्याच्या कसोटीला उभी राहत नाही, कारण शटर काय आणि भिंत काय, त्या जाहिरातीला सारखंच. कुठेही रंगवा, सिमेंट तेच.

दोडियांचं शटर मात्र शटरच असावं लागतं. २००१ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये शहरांवरचं एक मोठं प्रदर्शन झालं, त्याच्या मुंबईच्या दालनात ती होती. दुकानाचं असतं तसं लोखंडी शटर, त्यावर आपल्या ओळखीच्या एनॅमल रंगातलं चित्र. शटर वर करा, आत दुसरं चित्र. मुंबईत शटर खाली येण्याचे अर्थ किती! जेवणाची सुट्टी, दसरा, बंद, दंगल. तुम्ही व्यापारी आहात, तुम्ही खर्रकन आवाजावरून ओळखाल यातलं कुठलं ते.

त्यांच्या अशाच एका शटरचं नाव 'महालक्ष्मी'. बाहेर देवी, कॅलेंडरात असते तशी. शटर वर गेलं की आत हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी. आता गंमत अशी, की इथे मजकूर म्हणावा तर बाजूच्या चिठ्ठीवरचं नाव, एवढंच. पण त्या चिठ्ठीवर अंगठा धरून बघा. सून घरात आली की आपण म्हणतो, लक्ष्मी आली. माप ओलांडायला लावतो, तिची पावलं उमटवतो. हे वाक्य प्रेक्षक स्वतःच्या घरून घेऊन येतो आणि चित्रकार फक्त त्यातला एक शब्द बाहेर लटकवतो. चित्रावर एकही ओळ न लिहिता मजकूर वापरणं याहून नेमकं मी पाहिलेलं नाही.

प्रश्न : मी शिकागोत राहते. २०१० मध्ये इथल्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या जिन्यावर विवेकानंदांचं भाषण दिव्यांनी लिहिलं होतं. लोक त्या पायऱ्यांवरून बूट घालून चढत होते. कागदाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवलेल्या मला ते कसंसंच झालं. ते बरोबर होतं का?
*– एक वाचक, शिकागो*

ते काम जितीश कल्लाट यांचं, 'पब्लिक नोटिस ३'. तेही मुंबईचे आणि जेजेचे, जन्म १९७४. ताई, तुम्ही जिना चढलात तेव्हा खाली बघून चढलात, त्यामुळे एक गोष्ट नजरेतून सुटली असावी. अक्षरं पायऱ्यांच्या उभ्या बाजूवर होती, आडव्या नव्हे. पाऊल पडतं तिथे एकही शब्द नव्हता. वर चढताना ओळ डोळ्यांसमोर येते आणि पाऊल तिच्या वर पडतं. आपली 'पाय लागू नये' ही शिस्त त्याने चक्क मोजून पाळलीय. एकूण ११८ पायऱ्या.

भाषण ११ सप्टेंबर १८९३ चं, सर्वधर्मपरिषदेतलं, आणि ती परिषद त्याच इमारतीत भरली होती. काम खुलं झालं तेही ११ सप्टेंबरला. दिव्यांचे रंग पाच : लाल, केशरी, पिवळा, निळा, हिरवा. अमेरिकन सरकार त्या काळी दहशतवादी धोक्याची पातळी याच रंगांत जाहीर करायचं. म्हणजे धर्मांधता संपावी असं सांगणारं वाक्य विमानतळावरच्या इशाऱ्याच्या रंगात. इथे रंग हाच दुसरा मजकूर आहे. पांढऱ्या दिव्यात लिहिलं असतं तर ते जयंतीचं सुशोभन झालं असतं.

त्याआधीची दोन कामं मला जास्त जवळची, कारण त्यांत अक्षराचं शरीर आहे. २००३ मध्ये त्यांनी नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण आरशासारख्या अॅक्रिलिकवर चिकटद्रवाने लिहिलं आणि पेटवून दिलं. अक्षरं जळून काळी झाली, उष्णतेने आरसा वाकला. वाचायला वाकलात की शब्दांमागे तुमचाच वेडावाकडा चेहरा. २००७ मध्ये दांडीयात्रेच्या आदल्या दिवशीचं, ११ मार्च १९३० चं गांधीजींचं भाषण हाडांच्या आकाराच्या अक्षरांत मांडलं. ४,४७९ हाडं, फायबरग्लासची. मी अक्षरवाला म्हणून एकच सांगतो : हाडाचा 'ओ' करणं सोपं, 'एस' महाकठीण.

प्रश्न : काका, मी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मला चित्रात आणायच्या आहेत. सोबत एक चित्र पाठवते. देवनागरी फॉन्ट कोणता वापरू? आणि ओवी गोल लिहिली ते बरोबर वाटतं का?
*– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

चित्र मिळालं. आजीचे हात तू फार चांगले काढलेस, खुंट्यावरची मूठ तर ऐकू येते. आता रागावू नकोस. गोल ओवी काढून टाक. जातं गोल फिरतं म्हणून ओवी गोल, हे सगळ्यांनाच सुचतं, आणि बघणाऱ्याला मान वाकडी करून 'पहिली माझी ओवी' पासून सुरुवात शोधावी लागते. आजी गाताना मान वाकडी करायची का?

फॉन्ट कुठलाच नको. फॉन्टमधला प्रत्येक 'ळ' दुसऱ्या 'ळ' चा जुळा भाऊ असतो. आजीचा असा नसतो, दळताना दम लागला की आवाज चिरतो. पण याहून अवघड प्रश्न तुला मीच विचारतो. तुझ्या पत्रात आहे की आजीला लिहिता येत नव्हतं. मग चित्रातलं हे हस्ताक्षर कोणाचं? तिच्या तोंडची ओवी तू सुबक, कॅलिग्राफीच्या वळणात लिहिलीस. तसं लिहिणारं त्या घरात कोणीच नव्हतं. माझ्या मते ती तुझ्याच हाताने लिही, वहीत घाईघाईने उतरवून घेतलीस तशी, खोडाखोडीसकट. जिथे तिचा श्वास तुटायचा तिथे ओळ तोड. व्याकरण तिथे तुटत नसलं तरी.

काही रोकड्या गोष्टी. मोठं अक्षर खांद्यातून काढायचं, मनगटातून नाही. बसून काढलंस तर ते आखडतं, उभी राहा. आधी रद्दीवर वीस वेळा तीच ओवी लिही, एकविसावी कॅनव्हासवर. तैलरंगावर अॅक्रिलिकने लिहू नकोस, सोलून निघतं. अॅक्रिलिकवर तैल चालतं. आणि शेवटच्या ओळीला जागा राहील का हे सुरुवातीलाच बघ.

हे शेवटचं मी कसं शिकलो ते ऐक. एकोणिसाव्या वर्षी मला एका खानावळीचा बोर्ड एकट्याने रंगवायला मिळाला. हिरव्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, लाल शेड. दिवसभर खपून मी 'उपहारगृह' असं लिहिलं. मालक खूश, मामा खूश. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ जेवून बाहेर आले, वर बघितलं आणि दात कोरत म्हणाले, "उपहार म्हणजे भेट. फुकट देता का हो?" उपाहारगृह हवं होतं. 'प' आणि 'हा' च्या मध्ये बोटभर जागा, तिथे मी तो काना घुसवला. काड्यापेटीतल्या काडीएवढा. शुद्धलेखन सुधारलं, पण त्या दिवसापासून बोर्डाकडे बघणाऱ्याला तो काना तेवढा दिसायचा. लाल शेडसाठी घेतलेली सगळी मेहनत त्या काडीने खाल्ली. मामा काही बोलला नाही. नुसता संध्याकाळी चहाचे पैसे देताना म्हणाला, "तुझा काना फार प्रसिद्ध झालाय."

ओवीत चूक झालीच तर अशी दुरुस्त करू नकोस. पूर्ण पुसून पुन्हा लिही, किंवा चूक ठेव. नवीन चित्र झालं की पाठव, फोटो दिवसाच्या उजेडात काढ.

प्रश्न : अशी चित्रं प्रत्यक्ष बघायची तर मुंबईत कुठे जावं? गॅलरीत तिकीट असतं का? आणि तुम्ही रंगवलेला एखादा बोर्ड अजून कुठे शिल्लक आहे का?
*– ठाणे*

खाजगी गॅलऱ्यांत तिकीट नसतं, आणि काही विकत घ्यायला आलोय असा चेहरा करायचीही गरज नसते. काळा घोड्याला उतरा. जहांगीर आर्ट गॅलरी, समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ते झालं की चालत फोर्टात प्रेस्कॉट रोडला क्वीन्स मॅन्शनमध्ये केमोल्ड. हीच केमोल्ड १९६३ पासून जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर होती, २००७ मध्ये इकडे आली. संग्रहालयाला तिकीट आहे आणि सोमवारी ते बंद असतं. कुठे काय लागलंय ते आदल्या दिवशी बघून निघा, नाहीतर दोन प्रदर्शनांच्या मधल्या आठवड्यात जाल आणि कोऱ्या भिंती पाहून याल.

माझे बोर्ड जवळजवळ सगळे गेले. फ्लेक्स आला तेव्हा निम्मे उतरले. २०२२ मध्ये पाट्यांवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही असा कायदा झाला, तेव्हा मला वेडी आशा होती की पेंटरांचे दिवस फिरतील. मराठी मोठं झालं, पण मशिनने.

एक उरलाय. गिरगावात एका गल्लीत भांड्यांचं दुकान होतं, ते बंद होऊन वर्षं झाली, पण पत्रा कुणी काढला नाही. 'स्टीलची भांडी' एवढं अजून वाचता येतं. बघायला गेलात तर 'स्टील' च्या वेलांटीशेजारी एक टिंब दिसेल. ते माझं नाही, गंजाचं आहे.